पाडायला पैसा जमतो, राखायला का नाही?




शिमगा आटोपला, पालख्या देवळात परतल्या, की आमच्या चिपळूण तालुक्यात मंदिर समित्यांच्या बैठका सुरू होतात. मुंबईकर मंडळी गावात असतात, वर्गणीची पुस्तके छापली जातात आणि बहुतेक ठिकाणी एकच ठराव पुढे येतो: जुने देऊळ उतरवायचे आणि त्या जागी आरसीसीचे नवे उभे करायचे. अलोऱ्याच्या आसपास, दसपटीच्या खोऱ्यात आणि खाली सावर्ड्यापर्यंत असे काम कुठे ना कुठे चालू असतेच. लोकांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. चाळीतल्या एका खोलीत संसार करणारा माणूसही ग्रामदेवतेसाठी हात सैल सोडतो, हे मी पाहतो. माझा विरोध त्या पैशाच्या वापराला आहे.

कोकणातले जुने देऊळ इथल्या पावसाला जाणून बांधलेले असते. जांभ्याची जोती आणि भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी खांब, त्यांवर तुळया, आढे, वासे, रीपा आणि उतरते कौलारू छप्पर. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भागात पाणी छपरावर थांबूच नये, एवढी साधी योजना त्यात आहे. जांभा सच्छिद्र दगड. तो ओल शोषतो आणि उघडीप मिळाली की सोडतो. चुना त्याला आड येत नाही. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिला, की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. सपाट स्लॅबच्या बारीक तड्यांतून पाणी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. मग त्या स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. एवढा खर्च करून शेवटी उतरत्या छपराकडेच यायचे होते, तर आधीचे का मोडले?

कोयनेच्या परिसरातील माणसाने आणखी एक गोष्ट विसरू नये. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आमच्या आधीच्या पिढीने अनुभवला. भूकंपाचा हिशेब न करता, गावठी अंदाजाने घातलेला जड स्लॅब आणि त्यावरचे काँक्रीटचे उंच शिखर अशा भागात शोभेसाठी बांधणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. सभामंडपात उत्सवाच्या रात्री अख्खे गाव बसलेले असते.

जुने सगळे जसेच्या तसे ठेवा, असा माझा हट्ट नाही. देवळे बदलतच आली आहेत. ज्या मंगलोरी कौलांना आपण परंपरा समजतो, त्यांचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये काढला. त्याआधी आपल्याकडे नळीची कौले किंवा गवताचे शाकार होते. पण तेव्हा छप्पर बदलले तरी खांब राहिले, गाभारा राहिला. आज यंत्र लावून दोन दिवसांत सगळे भुईसपाट होते. कोरीव खांब मोडीत जातात, वीरगळ आणि झिजलेल्या मूर्ती नदीत सोडल्या जातात किंवा भरावात गाडल्या जातात. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, याची माहिती किती समित्यांना आहे?

लाकूड कुजले आहे, सुतार मिळत नाहीत, सागवान परवडत नाही, मंडप अपुरा पडतो, ही गावकऱ्यांची बाजू खोटी नाही. पण लाकूड एका वर्षात कुजत नाही. पावसाआधी कौले चाळली नाहीत, फुटलेले कौल वेळेत बदलले नाही, वाळवी लागलेला वासा तसाच ठेवला, म्हणून आढे बसते. सगळे खांब क्वचितच जातात. गेलेले तेवढे बदलावेत. मंडप अपुरा असेल तर आवारात वेगळे सभागृह बांधावे. तिथे आरसीसीलाही कुणाची हरकत नसावी.

अलोऱ्याला देखभालीचा अर्थ वेगळा शिकवावा लागू नये. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याचे 320 मेगावॅटचे वीजगृह आमच्या उशाला आहे. तिथले संच ठरलेल्या वेळी बंद ठेवून उघडले जातात, झिजलेले भाग बदलतात आणि त्यासाठी तरतूद आधीच असते. देवळाच्या ताळेबंदात मात्र उत्सव असतो, रंगकाम असते, लाउडस्पीकर असतो. वार्षिक डागडुजीचा रकाना कोराच.

सरकार येऊन राखेल, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. राज्याने प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी पहिल्या टप्प्यात आठ देवळे निवडली. त्यांत राजापूरचे धूतपापेश्वर आहे, खिद्रापूरचे कोपेश्वर आहे, याचा आनंदच आहे. पण वाघजाई, काळकाई, सुकाई, केदार यांची गावोगावची देवळे त्या यादीत कधी येणार? ती गावानेच राखायची आहेत.

नव्या देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसते. देणगीदाराचे नाव, रक्कम, सगळे कोरलेले असते. आधीचे देऊळ कोणत्या शतकातले, खांब कुणी घडवले, कोणत्या वाडीचा कोणता मान होता, याची एक ओळही नसते. विचारले तर ‘पांडवकालीन’ एवढेच उत्तर मिळते. खरी माहिती गुरवांच्या आणि जुन्या मानकऱ्यांच्या तोंडी आहे, थोडी सनदा व इनामाच्या कागदांत आहे. ती माणसे थकली आहेत, कागद कसर खाते आहे.

म्हणून सर्व विश्वस्तांना आणि मुंबईकर मंडळांना माझी विनंती आहे. देवळाची मोजमापे, नकाशा, छायाचित्रे आणि जाणत्यांच्या आठवणी नोंदल्याशिवाय एक चिराही हलवू नका. जमलेल्या वर्गणीतला ठरावीक वाटा देखभालीसाठी बँकेत कायम ठेवा आणि त्याच्या व्याजातून दर वैशाखात कौले चाळून घ्या. पाडण्याचा ठराव घालण्यापूर्वी एक जाणता सुतार सोबत घेऊन माळ्यावर चढा, प्रत्येक वासा ठोकून पाहा, आणि किती बदलायला हवेत तो आकडा ग्रामसभेत सांगा.

– एक ग्रामस्थ, अलोरे (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी)