‘हवेतून’ म्हणजे नेमके काय?

करोनाच्या साथीत आपण भाजी साबणाने धुतली, खिडक्या मात्र बंदच ठेवल्या. याला शास्त्रज्ञांमधला विसंवादही कारण आहे. ‘हवेतून पसरणारा’ म्हणजे डॉक्टरांच्या लेखी गोवर-क्षयासारखा रोग. त्यांच्या पुस्तकांत ५ मायक्रॉनहून मोठा कण लगेच खाली पडे. भौतिकशास्त्रज्ञ म्हणत, त्याच्या कितीतरी पट मोठा कणही तरंगतो. पण डॉक्टर नसलेल्याचे ऐकतो कोण? मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगितले. जुलैत २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र काढावे लागले. दोन्ही शास्त्रांना चालतील असे शब्द ठरायला २०२४ उजाडले. तोवर आपण फरश्या पुसत बसलो! दवाखान्यात बाकांवर गर्दी असेल, तर आजही आधी खिडकी उघडायला सांगा.