पिशवीपलीकडचा हिशेब

‘पूर्वी काय उन्हाळे नव्हते?’ हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांत एसटी स्टँडवर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात कुठेही ऐकू येतो. त्यापाठोपाठ बहात्तरच्या दुष्काळाची आठवण निघते आणि हवामान बदलाचा विषय तिथेच मिटतो. असा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होण्याची सवय पर्यावरणाविषयी बोलणाऱ्यांना जडली आहे. ती सोडायला हवी. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हवामान बदल ही जगातली सर्वांत मोठी फसवणूक असल्याचे सांगितले. त्या देशातल्या संशयाला तेलाच्या पैशाचे खतपाणी आहे. एक्सॉन या बलाढ्य तेल कंपनीला तिच्याच शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तापमानवाढीची कल्पना दिली होती. कंपनी मात्र पुढे कित्येक वर्षे जाहीरपणे शंका पेरत राहिली. आपल्याकडच्या शंकेमागे असा कोणाचा धंदा नाही. ज्याने दुष्काळ अंगावर काढला त्याची ती शंका आहे आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवे.

ते उत्तर असे. १९७२ मध्ये पावसाने पाठ फिरवली होती. तशी वर्षे पूर्वी आली, पुढेही येतील. बदलली आहे ती पावसाची रीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात एकूण मोसमी पाऊस घटत असतानाच, मोठ्या भूभागाला एकाच वेळी झोडपणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. अरबी समुद्र तापतो आहे, आणि हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. हे बाष्प कोसळते तेव्हा ओढ्यांना आणि गटारांना ते पेलत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने शेतातली माती खरवडून नेली, हे त्या भागातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. हा सगळा सूर्याचा प्रताप असता तर वातावरणाचे वरचे आणि खालचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, म्हणजे स्थितांबर, थंड होतो आहे. उष्णता खालीच अडकते आहे, असा त्याचा अर्थ. ती अडकवतो कार्बन डायऑक्साइड. हवाईतील मौना लोआच्या वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत.

इथपर्यंतचे बहुतेकांना पटते. खरा पेच पुढच्या प्रश्नात आहे : ‘माझ्या एकट्याच्या वागण्याने काय होणार?’ हा संशय जास्त खोल आहे, आणि आमच्या मते जास्त वाजवीही. गेली कित्येक वर्षे नागरिकाला कापडी पिशवी आणा, नळ बंद करा, एक झाड लावा, एवढेच सांगितले गेले. या सवयी चांगल्याच आहेत. पण प्लॅस्टिकची पिशवी टाळल्याने नाला तुंबत नाही. तापमानावर तिचा परिणाम नगण्य. हा फरक कोणी समजावून सांगत नाही. मग पिशवी नेऊनही ऊन वाढतेच आहे हे दिसले की माणसाचा विश्वास उडतो. ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजण्याची कल्पना घराघरांत नेली ती बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, हेही विसरता येणार नाही. जबाबदारी तेलविहिरीवरून चुलीवर ढकलणे तिच्या सोयीचे होते.

तेव्हा प्रामाणिक हिशेब मांडायला हवा. भारतीय माणसामागे वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकी माणसामागे त्याच्या सातपट. ही सरासरीही फसवी आहे. मुंबईहून लंडनला विमानाने जाऊन येणाऱ्या एका प्रवाशाच्या वाट्याला एका फेरीतच सुमारे एक टन येतो. डोंबिवलीहून लोकलने रेटारेटी करत कामावर येणाऱ्या, घरात दोन पंखे असणाऱ्या कुटुंबाला काटकसरीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते आधीच काटकसरीने जगते आहे. ज्यांच्या घरात तीन वातानुकूलन यंत्रे, दारात दोन मोटारी आणि वर्षाला दोन परदेशवाऱ्या आहेत, त्यांच्या निवडीला मात्र वजन आहे. यंत्र अठराऐवजी चोवीस अंशांवर ठेवणे ही त्यांच्यासाठी किरकोळ गोष्ट आहे आणि विजेत खरी बचत करणारीही. केंद्राने २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान चोवीस अंश ठरवले, ते यासाठीच.

पण निवड करायला आधी पर्याय हाताशी असावा लागतो. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले. त्याच शहरात मे २०२५ मध्ये बेस्ट बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. पुढच्याच महिन्यात पुण्यात पीएमपी बसचेही दुप्पट झाले. जुलै २०१९ मध्ये बेस्टने हेच भाडे आठवरून पाच रुपयांवर आणले होते, तेव्हा काही महिन्यांत प्रवासी लाखांनी वाढले. लोकांना पर्यावरणाचे प्रवचन कोणी दिले नव्हते. बस परवडली म्हणून ते बसमध्ये चढले. आता बेस्टच्या स्वतःच्या गाड्या रोडावल्या आहेत, थांब्यावर अर्धा-अर्धा तास जातो आणि हजारो कोटींचा सागरी किनारा मार्ग प्रामुख्याने मोटारींच्या सोयीचा झाला आहे. अशा शहरात दुचाकीचा हप्ता भरणाऱ्या तरुणाला दोष कसा द्यायचा? चालायला पदपथ नाही, पदपथावर सावली नाही आणि सावली देणारी झाडे रस्तारुंदीत जातात. सरकारच एकीकडे पृथ्वी वाचवण्याची शपथ घ्यायला लावते आणि दुसरीकडे बस महाग करते, तेव्हा संकट एवढे मोठे नसावे, असाच निष्कर्ष नागरिक काढतो. संशयाला बळ मिळते ते इथे.

मुंबईच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा इमारतींतल्या विजेचा आहे आणि ही वीज मुख्यतः कोळशाची. तिथे एकट्या घराचे फारसे चालत नाही. गृहनिर्माण सोसायटीचे चालते. जिन्यातले दिवे, पाण्याचे पंप आणि लिफ्ट यांच्या विजेपैकी बराच भाग गच्चीवरच्या सौर पॅनेलांतून निघू शकतो आणि त्यासाठी केंद्राचे अनुदानही आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव एखाद्याने मांडून मंजूर करून घेतला, तर त्याचा परिणाम त्याच्या जन्मभराच्या कापडी पिशव्यांहून मोठा ठरेल. बस आणि पदपथांचा निर्णय मात्र महापालिकेत होतो. महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारीच्या सुमारास सादर होतात. नव्या बसगाड्या किती येणार, बसची राखीव मार्गिका किती किलोमीटरची, पदपथांसाठी तरतूद किती आणि उड्डाणपुलांसाठी किती, हे चार आकडे प्रत्येक प्रभागातल्या मतदाराने आपल्या नगरसेवकाकडून लेखी मागून घ्यावेत.