बास पकडायला शिकताय? मग पहिल्या सीझनला दुकानात एकदाच जा



बास प्रो शॉप्सच्या केस स्टडीचा व्हिडिओ टाकला, आणि प्रश्न दोन प्रकारचे आले. इथल्या मंडळींनी धंद्याबद्दल विचारलं, ते अपेक्षितच होतं. पण डॅलस, न्यू जर्सी, नॉर्थ कॅरोलिना इकडच्या आपल्या मराठी मंडळींचं भलतंच. "सर, धंद्याचं राहू द्या, आम्हाला बास फिशिंग शिकायचंय. पोरं मागे लागलीत. सुरुवातीला काय काय घ्यावं?" एकाने तर दुकानातून काढलेली यादीच पाठवली. तीन रॉड, दोन रील, चाळीसेक प्रकारची खोटी आमिषं, पाण्यातले मासे दाखवणारं सोनार मशीन. आणि साहेबांनी अजून एकदाही गळ पाण्यात टाकलेला नाही!

माझं उत्तर छोटं आहे. एक रॉड, एकाच प्रकारचं प्लास्टिकचं गांडूळ, मूठभर गळ आणि घराजवळचं एकच तळं. पहिला सीझन एवढ्यावर काढायचा. बाकीची यादी फाडून टाका.

मी काही या खेळातला उस्ताद नाही. बहीण टेक्सासमध्ये असते, तिच्या कॉलनीमागच्या तळ्यावर दोन उन्हाळे बसलोय, आणि काठावरच्या लोकांना बघत बसणं हा तसाही माझा धंदाच आहे. माल कोण घेतंय आणि मासा कोण नेतंय, हे तिथे सरळ दिसतं.

आधी हा मासा कसा आहे ते समजून घ्या, म्हणजे मी असं का म्हणतो ते कळेल. अमेरिकेत नवशिके ज्याच्या मागे असतात तो बहुतेक वेळा लार्जमाऊथ बास. हिरवट अंग, कडेने एक काळपट पट्टा, आणि नावाप्रमाणे तोंड मोठं. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. हा पाठलाग करत फिरणारा मासा नाही, दबा धरून बसणारा आहे. पाण्यात पडलेलं झाड, शेवाळाची कड, लाकडी धक्क्याखालची सावली अशा आडोशाला तो थांबतो. समोरून काही गेलं की तोंड उघडतो, आणि पाण्यासकट ते आत ओढलं जातं. आवडलं नाही तर तितक्याच पटकन थुंकून टाकतो.

याचा अर्थ काय? तळ्यातल्या बऱ्याचशा पाण्यात तुमच्या उपयोगाचा मासाच नसतो. ज्या थोड्या जागांत तो असतो, त्याही ऋतूप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात. वसंतात पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सियसवर आलं की तो उथळ पाण्यात येतो, नर तळाशी घरटं करतो आणि अंड्यांची राखण करतो. भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ काठाशी, दुपारी खोल पाण्यात नाहीतर दाट सावलीत. थंडीत त्याचं शरीरच मंदावतं, खाणं कमी होतं. शिकायचं ते हे आहे. आणि हे कुठल्याही पाकिटात मिळत नाही.

आता नवशिका काय करतो ते बघा. दहा मिनिटं काही लागलं नाही की आमिष बदलतो. चमचमणारं काढलं, बेडूक लावला. बेडूक काढला, खोटी मासोळी लावली. मध्येच जागा पण बदलतो. दोन तासांनी रिकाम्या हाताने घरी येतो, आणि चुकलं कुठे ते त्याला सांगता येत नाही. जागा चुकली? वेळ चुकली? की आमिष? सगळंच एकदम बदलत राहिलात तर कळणार कसं? आपल्याकडे नवीन दुकानदार एकाच आठवड्यात भाव, पॅकिंग आणि जाहिरात बदलतो आणि मग विचारतो, "सर, गिऱ्हाईक का येत नाही?" तसंच हे. एक गोष्ट पक्की धरली तरच दुसरी काय करतेय ते दिसतं.

म्हणून आमिष पक्कं धरायचं. आणि पक्कं धरायला प्लास्टिकच्या गांडुळाइतकं चांगलं दुसरं नाही. याची गोष्टसुद्धा आपल्या चॅनेलला शोभणारी आहे. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये बायकोच्या मदतीने घरीच मऊ प्लास्टिकचं गांडूळ ओतून बनवलं आणि पुढे ते टपालाने विकलं. घरगुती उद्योग म्हणतो तो हाच. या गांडुळाला गळ अडकवायची जी पद्धत सगळ्यात जास्त चालते तिला टेक्सास रिग म्हणतात. लाईनवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन ओवायचं, मग गळ बांधायचा आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं. टोक लपलेलं असल्यामुळे ते शेवाळात, फांद्यांत सहसा अडकत नाही. म्हणजे जिथे बास दडलेला असतो, नेमकं तिथेच टाकता येतं. हेही जड वाटत असेल तर वजन न लावता जाडसर गांडुळाच्या बरोबर मधोमध गळ टोचा आणि आपोआप बुडू द्या. याला वॅकी रिग म्हणतात. दहा वर्षांच्या पोरालाही जमतं.

पाण्यात टाकलं की घाई करायची नाही. तळाला बसू द्या. रॉडचं टोक हळूच उचला, परत खाली सोडा, ढिली झालेली लाईन गुंडाळा. मासा लागला तर मोठा झटका बसेलच असं नाही. बऱ्याचदा नुसतं "टक" होतं, किंवा लाईन गुपचूप बाजूला सरकायला लागते. दगडाला घासल्याचं टक वेगळं, शेवाळाचा जडपणा वेगळा, माशाचं टक वेगळं. हा फरक बोटांना कळायला शेकडो वेळा तेच गांडूळ त्याच तळ्यात टाकावं लागतं. दर आठवड्याला नवीन आमिष घेणाऱ्याचं बोट दर आठवड्याला पहिलीच्या वर्गात बसतं.

"सर, पण मोठा मासा पाहिजे तर मोठं सामान लागतंच ना?" हा प्रश्न येणारच. तर ऐका. लार्जमाऊथ बासचा जगातला विक्रम आहे २२ पाऊंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या आसपास. तो पकडला जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने, जॉर्जियात, २ जून १९३२ रोजी. मंदीचा काळ. मित्राबरोबर गेला होता आणि सांगतात ते असं की दोघांत मिळून रॉड एक आणि आमिषही एकच. माशाचं वजन करून घेतलं आणि घरी नेऊन सगळ्यांनी खाल्ला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला ७७ वर्षं लागली. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने तसाच मासा पकडला, तो जिवंत छोटा मासा आमिष म्हणून लावून. मधल्या काळात केवढी बाजारपेठ उभी राहिली!

ती कशी उभी राहिली हे व्हिडिओत सांगितलंय, इथे थोडक्यात. अलाबामाचा रे स्कॉट, विमा विकणारा माणूस. १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर त्याने स्पर्धा भरवली. प्रवेश फी १०० डॉलर, आणि १०६ जण आले. पुढच्या वर्षी बास अँगलर्सची संघटना काढली. मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डचा जॉनी मॉरिस या स्पर्धांत उतरायचा. लागणारं सामान गावात मिळत नाही म्हणून १९७२ मध्ये त्याने वडिलांच्या दारूच्या दुकानात ८ चौरस फूट जागा घेऊन आमिषं विकायला सुरुवात केली. तेच आजचं बास प्रो शॉप्स. १९७८ मध्ये त्याने ट्रॅकर बोट काढली. बोट, मोटर आणि ट्रेलर एकत्र, एकाच किमतीत. विकणारा म्हणून मला हा माणूस प्रचंड आवडतो. पण मॉरिस आधी पाण्यावर होता, मग काउंटरमागे गेला. काय कमी आहे हे त्याला मासे पकडताना कळलं. तुम्ही उलट्या दिशेने चाललाय. पाण्यावर जायच्या आधी काउंटरवर.

आणि दुकानदाराला दोष देऊ नका हं. भिंतभर रंगीत आमिषं लावणं हे त्याचं काम आहे. मासे पकडणाऱ्यांत एक जुना विनोद आहे, की बरीचशी आमिषं मासे पकडायला नसून मासे पकडणाऱ्यांना पकडायला बनवलेली असतात. माल कुणासाठी बनलाय हे ओळखणं गिऱ्हाइकाचं काम.

एका बाबतीत मात्र मी कंजूषपणा करू देणार नाही. अगदीच खेळण्यातला रॉड-रील घेऊ नका. लाईन गुंतत राहते, पोरं वैतागतात आणि तिसऱ्या रविवारी "बाबा, नको" म्हणतात. साडेसहा-सात फुटांचा मिडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड, त्याला साजेसं रील, ८ ते १० पाऊंडांची लाईन. हा जोड चाळीस-पन्नास डॉलरमध्ये चांगला मिळतो. बेटकास्टर नावाचं जे भारी दिसणारं रील असतं, ते आत्ता नको. फेकताना अंगठ्याचा ताबा सुटला की त्यात चिमणीचं घरटं तयार होतं आणि सकाळ ते सोडवण्यात जाते. बोटीचं तर नावच काढू नका. नवीन बास बोट पन्नास हजार डॉलरच्या वर सहज जाते, आणि काठावरून जे दिसत नाही ते बोटीतून आपोआप दिसायला लागत नाही.

सोनार मशीनबद्दल वाद घालणारे भेटतील. अनुभवी माणसाच्या हातात ते कामाचंच आहे, नाही म्हणत नाही. पण ज्याला पडलेल्या झाडाची सावली वाचता येत नाही, तो पडद्यावरचे ठिपके काय वाचणार?

त्यापेक्षा दोन रुपयांची वही घ्या. (तिकडे एक डॉलर.) गेलो ती वेळ, ऊन की ढग, वारा कुठल्या काठाला लागतोय, पाणी गढूळ की स्वच्छ, टक कुठे झालं, मासा कुठे लागला. रिकाम्या हाताने आलात तरी लिहायचं, किंबहुना तेव्हा जास्त. वीस वेळा गेल्यावर पानं उलटा. तुमच्या तळ्याचा जमाखर्च त्यात असेल.

आता नियमांचं. लायसन्स काढल्याशिवाय जाऊ नका. ते राज्यागणिक वेगळं, राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साईटवर मिळतं. लहान मुलांना बहुतेक राज्यांत लागत नाही, वयाची अट तेवढी बघून घ्या. किती मासे ठेवता येतात, किती लांबीचे, कुठल्या महिन्यात बंदी, हेही तिथेच वाचा. लायसन्सचे पैसे वाया जातात असं समजू नका. १९५० च्या केंद्रीय कायद्याने मासेमारीच्या बहुतेक सामानावर १० टक्के कर आहे, आणि तो राज्यांकडे माशांच्या संवर्धनासाठी परत जातो. म्हणजे तुम्ही घेतलेल्या त्या एका रॉडमध्येही तळ्याचा वाटा आहेच. अजून मन पक्कं नसेल तर बऱ्याच राज्यांत वर्षातून एक-दोन दिवस लायसन्सशिवाय मासेमारीला परवानगी असते, पुष्कळदा जूनच्या सुरुवातीला. पोरांना त्या दिवशी न्या आणि तुम्ही फक्त बघा, त्यांना काठावर बसवतंय का.

मासा लागला तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरा, मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. फोटो एकच, आणि सोडायचा असेल तर लगेच पाण्यात. फाटलेली गांडुळं तळ्यात टाकू नका, खिशात घालून घरी आणा.

ज्यांनी यादी पाठवली होती त्यांना मी हेच कळवलंय. त्यांचं उत्तर आलं, "सर, कार्टमध्ये आता तीनच वस्तू आहेत, पण ते बेडकाचं आमिष काढवत नाहीये." राहू द्या म्हटलं. कपाटावर ठेवा, ऑक्टोबरमध्ये वही घेऊन बोलू.