चाकांवरचे घर आणि महामार्गावरचा काटा

अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरून जाताना अधूनमधून एक पाटी दिसते: सर्व ट्रकांनी पुढच्या वजनकाट्यावर थांबावे. काटा चालू आहे की बंद, हेही तिथेच लिहिलेले असते. ट्रकवाले सवयीने उजवीकडे वळतात. त्यांच्या मागून ट्रकएवढेच उंच, चाळीस फूट लांब मोटारहोम येत असते आणि त्याच्या चालकाला प्रश्न पडतो, आपणही वळायचे का? उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, पाच-सहा जणांचे कुटुंब भाड्याची आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन यलोस्टोनला किंवा ग्रँड कॅन्यनला निघते, तेव्हा कॅलिफोर्निया-टेक्सासमधल्या मराठी मंडळींनाही हा प्रश्न पडतो.

उत्तर फारसे अवघड नाही. स्वतःच्या सहलीसाठी चालवलेल्या आरव्हीला बहुतेक राज्यांत काट्यावर थांबावे लागत नाही. गाडी केवढी आहे यापेक्षा ती कशासाठी चालली आहे, हे कायदा आधी विचारतो. केंद्रीय नियमांनुसार मालाची ने-आण करणारे वाहन ‘व्यापारी’ ठरायचे तर त्याची वजनक्षमता 10,001 पौंड, म्हणजे साधारण 4,536 किलो किंवा त्याहून जास्त हवी आणि ते व्यवसायासाठी रस्त्यावर आलेले हवे. मोबदला न घेता, धंद्याशी संबंध नसताना स्वतःचे सामान स्वतः नेणाऱ्याला या नियमांतून सूट आहे. म्हणून चाळीस फुटी मोटारहोम पुढे निघून जाते आणि त्याच्या निम्म्या लांबीचा सामानाचा ट्रक रांगेत उभा राहतो.

मॉन्टाना राज्यात हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. इंडियाना राज्यातला एल्कहार्ट परिसर हे अमेरिकेतल्या आरव्ही उद्योगाचे माहेरघर, देशातल्या बहुसंख्य आरव्ही तिथेच तयार होतात. तिथून निघालेला नवा कोरा ट्रेलर मॉन्टानातल्या विक्रेत्याकडे पोचवायचा असेल, तर तो ओढणाऱ्याला काट्यावर थांबावे लागते, कारण तो माल आहे. तोच ट्रेलर एखाद्या जोडप्याने विकत घेऊन त्याच रस्त्याने तळ्याकाठी नेला, की तो त्यांचा घरगुती ट्रेलर होतो आणि काट्याशी त्याचा संबंध संपतो. पण त्या जोडप्याने टपावर साधी कयाक बांधली असेल, तर त्याच मॉन्टानात बोटींच्या तपासणी नाक्यावर थांबणे त्यांना बंधनकारक आहे. परक्या जातीचे शिंपले बोटींना चिकटून तळ्यांमध्ये शिरतात, त्यांना अडवण्यासाठी ही नाकी आहेत.

गोंधळ होतो तो अशा वेगवेगळ्या नाक्यांमुळे. फ्लोरिडात शेतमाल तपासणीच्या नाक्यांवर घरसामानाने भरलेला भाड्याचा ट्रक थांबवावाच लागतो, पण मोटारहोम आणि कॅम्पिंग ट्रेलर यांना तिथल्या कायद्याने नाव घेऊन वगळले आहे. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर नेमके उलटे. तिथल्या सोळा शेतमाल नाक्यांवर आरव्हीलाही थांबावे लागते, कारण फळांतून, सरपणातून आणि आरव्हीच्या तळाला चिकटलेल्या अंड्यांतून कीड येते. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत तर काट्याचा प्रश्नच नाही. आरव्हीच्या मोठ्या प्रोपेन टाक्यांना तिथे प्रवेशच नाही, वळसा घालून जावे लागते.

वजनकाट्यांचे नियमही राज्यागणिक बदलतात. व्हर्जिनियात ट्रकांसाठीची मर्यादा 7,500 पौंडांवरच सुरू होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने तर अधिकाऱ्याला कोणतेही वाहन थांबवून वजन करून घेण्याचा अधिकार दिला आहे, मग ते ट्रक असो वा घर. त्यामुळे निघण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम पाहून घ्यावा, आणि गणवेशातल्या माणसाने हात केला तर कुठल्याही राज्यात निमूट थांबावे. आपल्या आरव्हीवर दुकानाचे नाव रंगवून जत्रांमध्ये माल विकत फिरणाऱ्याने स्वतःला सहलीचा प्रवासी समजू नये. त्याची गाडी व्यापारीच धरली जाण्याची शक्यता आहे.

हे झाले नियमांचे. पण नियम पाळला म्हणजे विषय संपला, असे मानणे घातक आहे. ते का, हे समजण्यासाठी काटे मुळात कशासाठी बसवले, ते पाहावे लागते.

अमेरिकेत ट्रकच्या वजनावर पहिल्या मर्यादा मेन आणि मॅसॅच्युसेट्ससह चार राज्यांनी 1913 मध्ये घातल्या, कारण भरीव रबराच्या चाकांचे ट्रक कच्चे रस्ते उखडत होते. 1956 मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा आला, तेव्हा एकूण वजनाची मर्यादा 73,280 पौंड ठरली. 1975 पासून ती 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन आहे. एका आसावर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या दांड्यावर, 20,000 आणि जोडआसांवर 34,000 पौंड. पुलांसाठी वेगळे सूत्र आहे, त्यात आसांमधले अंतरही मोजले जाते. यामागचे शास्त्र 1958 ते 1960 या काळात इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ झालेल्या रस्ताचाचणीतून पक्के झाले. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक रात्रंदिवस फिरवले गेले आणि निष्कर्ष निघाला की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झाले की झीज सोळापट. दोन हजार पौंडांच्या आसाशी तुलना केली, तर अठरा हजारांचा आस रस्त्याला साडेसहा हजार पट जास्त झिजवतो.

या हिशोबात आरव्ही कुठे बसते? फोर्डच्या ई-450 सांगाड्यावरची भाड्याची आरव्ही पूर्ण भरल्यावर 14,500 पौंडांची. तिच्याकडून रस्त्याला धोका नाही. मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटारहोमच्या मागच्या आसावर मात्र भरलेल्या ट्रकएवढाच, वीस हजार पौंडांच्या आसपास भार येऊ शकतो. पण लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखभर मैल धावतो आणि मोटारहोम बराच काळ अंगणात उभे असते. त्यामुळे आरव्हीला मोकळे सोडण्याचा सरकारचा निर्णय रस्त्याच्या दृष्टीने योग्यच आहे. एकेका मोटारहोमला रांगेत उभे करून ट्रकवाल्यांचा वेळ घालवण्यात कोणाचेच हित नाही.

मात्र ही सूट रस्त्याच्या हिशोबात बसते, एवढेच. गाडीत बसलेल्यांच्या जिवाचा विचार त्यात कुठेच नाही. काटा आपल्यासाठी नाही म्हणून जो चालक निश्चिंत होतो, त्याच्या हे लक्षात येत नाही की त्याच्या भरलेल्या गाडीचे वजन कोणीच केलेले नाही. ट्रकचे वजन सरकार करते, मालक करतो, माल घेणाराही करतो. आरव्हीचे वजन कारखान्यातून निघताना होते, तेव्हा ती रिकामी असते.

त्यानंतर ती भरत जाते. आरव्हीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने 2007 मध्ये तिचा नियम केला आणि पुढच्या वर्षापासून ती सक्तीची झाली. मोटारहोमच्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा असतो. समजा तो 816 किलो आहे. सहा माणसांचे 408 किलो त्यातूनच वजा होतात, माणसे वेगळी धरलेली नसतात. पन्नास गॅलनची पाण्याची टाकी भरली की आणखी 189 किलो, कारण एक गॅलन पाणी 8.34 पौंडांचे असते. उरले 219 किलो. त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे, कुकर, तांदूळ-पिठाच्या पिशव्या, खुर्च्या, सायकली, बर्फाची पेटी, सगळे बसवायचे. दहा दिवसांच्या प्रवासाला निघालेले कुटुंब हा आकडा कधी ओलांडते, ते त्याला कळतही नाही. अनेक गाड्यांत तो 816 पेक्षा बराच कमी असतो.

ट्रेलर ओढणाऱ्याचा धोका आणखी वेगळा. मागच्या ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या कड्यावर यायला हवा. पाण्याची टाकी मागे असेल, सायकली मागच्या बंपरला टांगल्या असतील, तर हा भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर डाव्या-उजव्या बाजूला झुलू लागतो. एका मर्यादेनंतर तो चालकाच्या हातात राहत नाही. टायरचेही असेच. टायर किती भार पेलेल, हे त्यात किती हवा आहे यावर ठरते, आणि हवा किती हवी हे त्या चाकावर प्रत्यक्ष किती वजन आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. कोलोरॅडोत आयसेनहॉवर बोगद्याजवळ अकरा हजार फुटांवरून डेनव्हरकडे उतरणाऱ्या चालकाला ब्रेक तापल्याचा वास येतो, तेव्हा किती सामान जास्त झाले याचा हिशोब करायची वेळ टळून गेलेली असते.

यावरचा उपाय स्वस्त आणि सोपा आहे, म्हणून तर हळहळ वाटते. आयोवा राज्यातल्या वॉलकॉट गावात 1977 मध्ये सुरू झालेल्या ‘कॅट स्केल’ कंपनीचे दोन हजारांहून अधिक काटे अमेरिका आणि कॅनडातल्या ट्रक थांब्यांवर आहेत. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभे राहतात आणि तिन्हींचे वजन एकाच पावतीवर छापून मिळते. खर्च वीस डॉलरांच्या आत. सामान हलवून चोवीस तासांत पुन्हा वजन केले तर त्याहून कमी. त्यातही एक उणीव आहे: हा काटा आसाचे वजन सांगतो, डाव्या-उजव्या चाकांचे वेगळे सांगत नाही. फ्रिज, स्वयंपाकघर आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असेल, तर आस मर्यादेत असूनही एका बाजूची चाके चेपलेली असू शकतात. प्रत्येक चाकाचे वजन करून देण्याची सोय आरव्हीधारकांच्या ‘एस्केपीज’ क्लबने केली आहे. मोठ्या गाडीच्या मालकाने ती एकदा तरी घ्यावी.

सरकारांनीही इथे काही करायला हवे, आणि ओरेगॉन राज्याने ते करून दाखवले आहे. तिथले बरेच सरकारी काटे अधिकारी घरी गेल्यानंतरही चालू ठेवलेले असतात. बाहेरच्या फलकावर आकडा दिसतो, कोणीही यावे, गाडी उभी करून वजन पाहावे, पैसे नाहीत, पावती नाही, दंडही नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेला काटा रात्रभर अंधारात पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. बाकीच्या राज्यांनी एवढी एक गोष्ट उचलली, तर सक्तीचा नवा नियम न करताही हजारो कुटुंबे वजन पाहून पुढे जातील.

आरव्ही भाड्याने देणाऱ्यांवर मात्र सक्ती हवी. किल्ली हातात देताना चालकाला गॅस कसा पेटवायचा आणि सांडपाणी कुठे सोडायचे ते समजावतात. त्याच वेळी दारावरची पट्टी दाखवून त्या आकड्यात माणसे आणि पाणी धरलेले आहे, हे सांगायला एक मिनिटही लागत नाही. नवख्या चालकाला याची सर्वांत जास्त गरज असते. ट्रकवाल्याला परवाना मिळवताना हे शिकावे लागते. आरव्हीच्या चालकाला बहुतेक राज्यांत मोटारीचा साधा परवाना पुरतो. कॅलिफोर्नियात मोटारहोम चाळीस फुटांहून लांब असेल तरच वेगळा परवाना लागतो.

हा प्रश्न आता इकडेही येणार आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातले कलम 114 वजनासाठी गाडी अडवण्याचा अधिकार देते तो मालवाहू वाहने आणि ट्रेलर यांच्यापुरता. माणसांनी आणि पाण्याने भरलेली कॅरव्हॅन वरंध घाटात उतरेल, तेव्हा तिचे वजन विचारणारा इथेही कोणी नसेल. कॅरव्हॅन भाड्याने देण्याची नोंदणी करतानाच भरलेल्या गाडीची वजनाची पावती आणि दारावर मराठीतला आकडा, या दोन अटी पर्यटन खात्याला आजही घालता येतील. त्यासाठी नवे काटे उभारायचीही गरज नाही. साखर कारखान्यांच्या फाटकापासून बाजार समित्यांच्या आवारापर्यंत ते राज्यभर उभे आहेत.