दुकानात ती, कोड त्याच्या नावाचा

मोबाइल आणि दुकान यांचा विषय निघाला की वर्तमानपत्रांतली चर्चा दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या किराण्याकडे वळते. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांच्यापुढे पुण्या-मुंबईतल्या वाण्याचं काय होणार, ही काळजी खरी आहे. पण आमच्या सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावांत त्या पिशव्या अजून पोचलेल्या नाहीत. इकडे मोबाइलनं दुकान बदललं ते गल्ल्यापाशी. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मी किराणा दुकान चालवते आणि आमच्या बचत गटाची सचिव आहे. गटाच्या कामानं आसपासच्या गावांतल्या दुकानांत जाणं होतं. कुठेही पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे जाण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. समोर साखर तोलून देणारी बाई असते आणि पडद्यावर नाव असतं तिच्या नवऱ्याचं, दिराचं, नाहीतर सासऱ्याचं. नवरा रानात असतो किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पाळीवर. सकाळी सहाला शटर उघडणारी, रात्री हिशेब लावणारी, उधारीची वही तोंडपाठ असणारी बाई त्या कोडमध्ये कुठेच नसते.

हे असं का झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांची पोरं कोडची स्टिकरं घेऊन गावोगाव फिरली. दारात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘मालक आहेत का?’ मालक म्हणजे पुरुष, हे त्यांनीही धरलेलं आणि बाईनंही. स्मार्टफोन नवऱ्याकडे, दुकानाचा परवाना त्याच्या नावावर, बँकेला जोडलेला नंबर त्याचा. पाच मिनिटांत स्टिकर चिकटलं आणि पोरगा पुढच्या दुकानात गेला.

रोखीच्या काळात दुकान कुणाच्याही नावावर असलं, तरी गल्ला बाईच्या हाताखाली होता. पाववाल्याला ती गल्ल्यातून पैसे द्यायची, दुधाचे भागवायची, पोराची सहलीची वर्गणी काढायची, गटाचा हप्ता डब्यात बाजूला ठेवायची. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक कोडवर पैसे टाकतं आणि ते थेट नवऱ्याच्या खात्यात जातात. पाववाला दारात उभा असतो आणि बाई फोन लावते, ‘अहो, ह्यांचे पैसे पाठवता का?’ दिवसभर स्वतः विकलेल्या मालाचे पैसे मागायला! गटाच्या बैठकीत हप्ता उशिरा भरणाऱ्या बायकांना मी कारण विचारलं, तर पुष्कळींचं उत्तर हेच निघालं. धंदा कमी झालेला नाही, रोख हातात येत नाही.

कोडवर पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारा बोलका बॉक्स आला तेव्हा बायकांना हायसं वाटलं होतं. त्याआधी पैसे आल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर, फोन रानात, आणि एखादं पोरगं खोट्या ॲपवरचा ‘पैसे गेले’चा पडदा दाखवून तेलाची पिशवी उचलून जायचं. बॉक्सनं ती फसवणूक पुष्कळ थांबवली. पण तो फक्त सांगतो की पैसे आले. ते तिच्या हाती देत नाही.

माझ्या दुकानाचा कोड पहिल्यापासून माझ्या नावावर आहे, कारण खातं माझं होतं आणि फोनही माझा होता. त्यानं काय फरक पडतो ते सांगते. दूध-दह्यासाठी मोठा फ्रीज घ्यायचा होता. पूर्वी बँकेत बाई कर्जाला गेली की सातबारा विचारायचे आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधून सापडायचं नाही. मुद्रा योजनेत शिशु गटाच्या 50 हजारांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पण धंदा चालतो हे मॅनेजरला कशानं पटावं? मी वर्षाच्या खातेउताऱ्याचे चळतभर कागद पुढे ठेवले. रोजची जमा, दहा-वीस रुपयांपासून. ती माझ्या नावावर होती, म्हणून पत माझी ठरली. ज्या बाईचा कोड नवऱ्याच्या नावावर आहे, तिच्या बारा-चौदा तासांच्या कष्टाची पत त्याच्या नावावर जमा होते.

‘घरचेच पैसे, नावात काय एवढं,’ असं मला सासुरवाशिणींपेक्षा सासवाच जास्त ऐकवतात. त्यांना मी आमच्या गटातल्या एकीची गोष्ट सांगते. तिचा नवरा अचानक गेला. घर चालवायचं म्हणून तिनं दहाव्याआधीच दुकान उघडलं. बॉक्स बोलत होता, ‘साठ रुपये प्राप्त झाले’, आणि पैसे जात होते गेलेल्या माणसाच्या खात्यात. बँकेला कळवल्यावर खातं थांबलं. वारस लावलेला नव्हता. कागदपत्रं होईपर्यंत होलसेलवाल्याची उधारी अंगावर, आणि स्वतःच्याच विक्रीचे पैसे काढता येईनात.

दुसरी बाजूही मला लपवायची नाही. जुलै 2025 मध्ये बेंगळुरूत यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, अनेकांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. ते टीव्हीवर पाहून आमच्याकडच्या काही पुरुषांनी उलाढाल विभागण्यासाठी बायकोच्या नावानं दुसरा कोड काढला. फोन, पिन, सगळं त्यांच्याच खिशात. अशा कोडचा बाईला उपयोग शून्य, आणि नोटीस आली तर ती मात्र तिच्या नावानं येणार. नाव तिचं, तर सिमकार्डही तिचं हवं आणि पिन फक्त तिला माहीत हवा. ह्यात मधला मार्ग मला मान्य नाही.

बायकांना मोबाइलमधलं कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमच्याच जिल्ह्यातलं म्हसवड आठवावं. चेतना सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी सहकारी बँक काढायची ठरवली, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि 1997 मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. पिन टाकणं त्याहून अवघड नाही.

बायकोच्या नावावर काही करणं ही कल्पनाही नवी नाही. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. जमीन नावावर करायला तलाठी लागतो, फेरफार लागतो, भाऊबंदांची तोंडं बघावी लागतात. कोडला यातलं काही लागत नाही. लाडकी बहीण योजनेमुळे 2024 पासून गावागावांतल्या बायकांची आधारला जोडलेली खाती झाली आहेत. दर महिन्याला पंधराशे रुपये त्यात येतात, आणि त्याच बाईच्या दुकानातली रोजची विक्री मात्र दुसऱ्याच्या खात्यात जाते! छोट्या दुकानाला साध्या बचत खात्यावरही कोड मिळतो. स्वतःचा नंबर खात्याला जोडायचा, वारसाचं नाव भरायचं, जुनं स्टिकर खरवडून नवं लावायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि आमच्या गटानं ते हाती घेतलं आहे.

कंपन्यांकडे आणि बँकांकडे माझी मागणी साधी आहे. कोड द्यायला येणाऱ्या पोरानं ‘मालक आहेत का’ न विचारता ‘दुकानात कोण बसतं’ हे विचारावं आणि बसणाऱ्या बाईचं खातं जोडावं. सरकारकडेही एक मागणी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार 2000 कोटींच्या वर गेले, त्याची देशभर बातमी झाली. रिझर्व्ह बँक ठेवींत आणि कर्जांत बायकांचा वाटा किती, ते वेगळं मांडते. तसंच दुकानांच्या कोडचंही मांडा, जिल्हावार. सातारा जिल्ह्याचा आकडा आला की तो घेऊन मी स्वतः ग्रामसभेत उभी राहीन.