पाण्यापलीकडचा देव

आम्हां नागपूरकरांचा आणि समुद्राचा संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरताच. फुटाळ्याच्या काठी संध्याकाळी घटकाभर बसले, की आमची जलविहाराची हौस भागते. म्हणून प्रतापनगरातील आमच्या प्रातःकालीन मंडळीपैकी एका वृद्ध स्नेह्यांनी, "मास्तर, गोव्यास येता का? दोनदा पाणी ओलांडावे लागेल," असे विचारले, तेव्हा आम्हांस नवल वाटले. २०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी येऊन गोकुळाष्टमी तिला लागूनच आली होती. तीन दिवसांची सवड अनायासे मिळत होती. आम्ही चौघे निघालो.

ह्या स्नेह्यांचे कुलदैवत डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वर. तेथे डिचोलीवरून सडकेने सुखाने जाता येते. मग पाण्याची वाट कशास, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "देव ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने मला जावयाचे आहे."

त्यांचे म्हणणे खरे होते. सप्तकोटीश्वराचे मूळ स्थान मांडवी नदीतील दिवाडी बेटावर. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देवालय पाडले. लिंग विहिरीच्या कामी लाविले होते व तेथून भाविकांनी ते सोडविले, अशी परंपरा आहे. मग नदी ओलांडून, पोर्तुगीज अमलाबाहेरच्या पलीकडील तीरावर त्याची स्थापना झाली. १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख तेथे आहे. अलीकडे पुन्हा डागडुजी होऊन २०२३ साली ते नव्याने उघडले.

शनिवारी सकाळी जुने गोवे येथील धक्क्यावरून आम्ही फेरीबोटीत चढलो. ही बोट म्हणजे सपाट तळाची तरती सडकच म्हणावी. पुढील लोखंडी फळी उताराच्या धक्क्यावर टेकते, मोटारी व माणसे एकाच वाटेने आत येतात, आणि ती फळी उचलली, की प्रवास सुरू. पावसाळ्याचे तांबडे पाणी फुगले होते. काही मिनिटांतच दिवाडी आली. बेटाच्या उत्तर टोकास पूर्वीच्या क्षेत्रातील कोटितीर्थ आहे. तेथे हात जोडून आम्ही नार्व्याच्या धक्क्याकडे वळलो.

ह्या दुसऱ्या बोटीत स्नेही कठड्यास धरून उभे होते. समोरच्या तीरावर स्नानार्थींची गर्दी दिसू लागली, तेव्हा ते हळूच बोलले. त्यांच्या आजोबांचे वडील बंधू विसाव्या शतकाच्या आरंभी शिक्षणासाठी विलायतेस गेले. परत आल्यावर प्रायश्चित्त घेण्याचे त्यांनी नाकारले. घरच्यांनी त्यांचा घटस्फोट केला. हल्ली ह्या शब्दाने पतिपत्नींचा विभक्तपणा समजतात. परंतु धर्मशास्त्रातील मूळ अर्थ भयंकर आहे. पतिताच्या नावाने पाण्याचा घट लाथेने उपडा करावयाचा, जिवंतपणीच तो मेला असे धरावयाचे, आणि पुढे त्यास उदक द्यावयाचे नाही. "त्या दिवशी माझे आजोबा तेथे उभे होते," स्नेही म्हणाले. "ते काहीच बोलले नाहीत. वडिलांनी मरताना मला एवढेच सांगितले, की जमले तर काकांस पाणी दे. त्यालाही आता चाळीस वर्षे झाली."

ह्यावर शास्त्र काय म्हणते? बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयान हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले आहे, हे नाकारून चालणार नाही. परंतु त्याच ग्रंथात उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांतही त्याची गणना आहे. म्हणजे समुद्रावर जाणारे लोक सूत्रकारास ठाऊक होते. शिवाय अशा दोषास त्याने तीन वर्षांचे व्रत सांगून परतीचे दार उघडे ठेविले. पुढे कलिवर्ज्यकारांनी, प्रायश्चित्त घेतलेल्या द्विजासही समुद्रगमनानंतर पंक्तीस घेऊ नये, असे म्हणून ते दार लावून घेतले. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, तेव्हा ह्याच दाराचे भय त्यांना दाखविण्यात आले होते.

आणि पाणी ओलांडल्याने धर्म बुडतो म्हणावे, तर १८४५ पासून वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर गेलेल्या गिरमिटियांचे काय? त्यांच्यापैकी सिवदास साधू ह्या मजुराने बांधलेले देऊळ साखर कंपनीच्या जमिनीवर आहे म्हणून पाडले गेले. तेव्हा त्याने दगडमाती वाहून नेऊन ते चक्क समुद्रात उभारले. तेथे जमिनीचा मालक कोणी नव्हता. वॉटर्लू गावच्या किनाऱ्यापाशी ते मंदिर आजही आहे.

नार्व्यास पंचगंगा म्हणून मानल्या जाणाऱ्या पात्रात आम्ही स्नाने केली. भरतीचे पाणी जिभेला खारट लागले. "मास्तर, ही नदी म्हणावी की समुद्र?" एका सोबत्याने चेष्टेने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. कारण स्नेही अपसव्य करून, हाती दर्भ व तीळ घेऊन भटजींपुढे बसले होते. पिता, पितामह, प्रपितामह झाले. मग ते थांबले. भटजींनी विचारले, "आणखी कोणी?" त्यांनी नाव सांगितले. आवाज इतका दबका, की भटजींनी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी ते मोठ्याने उच्चारले. गोत्र तेच होते. भटजींनी अधिक काही न विचारता मंत्र म्हटला, आणि ओंजळीतून पाणी सुटले.

देवळात अभिषेक झाला, प्रसाद घेतला. परतताना त्यांनी सडकेची वाट धरली. पाण्याचे काम झाले होते.

आमच्या वाचकांच्या घरी वंशवृक्ष लिहून ठेविलेले असतील. त्यांत एखादी शाखा मध्येच थांबलेली, एखादे नाव खोडलेले, एखाद्या छायाचित्रातील माणूस कोण हे कोणी सांगत नाही, असे असेल तर घरातील वृद्धांस ह्याच महिन्यात विचारून घ्यावे. विलायतेस गेलेला, विधवेशी विवाह केलेला, परजातीत गेलेली, अशी माणसे प्रत्येक मोठ्या घराने केव्हा ना केव्हा पाण्यावाचून ठेविली आहेत. आमच्याही घराने ठेविली आहेत. त्यांपैकी एक नाव आम्ही परवाच थोरल्या वहिनींकडून लिहून घेतले. सांगणारे माणूस गेले, म्हणजे ओंजळ भरून उभे राहिले तरी घ्यावयास नाव उरत नाही.