‘तुम्ही जा, मी बसते गाडीत’

आपल्या घरांतून हे वाक्य किती सहज बोललं जातं! गडाच्या पायऱ्या असोत, घाटातला एखादा ‘पॉइंट’ असो, घरातली एक बाई चपला, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत मागे राहते. विचारलं तर म्हणते, “गुडघे दुखतात.” दुखतही असतील. पण पुष्कळदा खरं कारण वेगळंच असतं. उंचावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो, पाय लटपटतात आणि ते चारचौघांत सांगायची लाज वाटते.

आता हीच बाई सातासमुद्रापार निघते. तालुक्याच्या गावांतूनसुद्धा कितीतरी आया मुलाकडे, मुलीकडे अमेरिकेला जातात. लेक सुट्टी काढतो, गाडी काढतो आणि नॅशनल पार्कची सहल ठरते. ग्रँड कॅन्यन, झायन, योसेमिटी! प्रवासात खायला चिवडा किती घ्यायचा याची चर्चा तासभर चालते. दरीचा विषय मात्र कुणी काढत नाही. आई तर नाहीच नाही. पोराने एवढ्या हौसेनं ठरवलंय, त्याचा हिरमोड कशाला? मग इतक्या लांब जाऊन पुन्हा तेच. सगळे कड्यावर आणि आई गाडीत.

मैत्रिणींनो, ही भीती हॉटेलचं बुकिंग करण्याआधी सांगायची गोष्ट आहे. कड्यावर पोचल्यावर सांगून उपयोग नाही. तिथे सांगितलं की “काही होत नाही गं आई, ये इकडे” म्हणत कुणीतरी हात धरून ओढणारच. आणि घाबरलेल्या माणसाला ओढण्यासारखा दुसरा वाईट उपाय नाही.

आधी ती लाज टाकून देऊ या. एलिनॉर गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई ग्रँड कॅन्यनच्या काठावर सहलीला गेल्या असताना त्यांच्या मनात आलं, रांगत्या बाळाला ही दरी कळेल का? निदान तशी गोष्ट सांगतात. पुढे त्यांनी आणि रिचर्ड वॉक यांनी एक प्रयोग केला. १९६० साली तो प्रसिद्ध झाला. मोठ्या टेबलावर जाड काच, काचेच्या अर्ध्या भागाखाली लगेच चौकड्यांचं कापड आणि उरलेल्या भागाखाली तेच कापड पार खाली, म्हणजे दिसायला खोल खड्डा. सहा ते चौदा महिन्यांची बाळं त्यावर सोडली. जागेवरून हललेल्या २७ बाळांपैकी फक्त ३ त्या खोल दिसणाऱ्या बाजूला गेली. पलीकडून प्रत्यक्ष आई बोलावत असतानासुद्धा बाकीची गेली नाहीत! म्हणजे उंचीपुढे थबकणं ही माणसाची जुनीच समज आहे. जर्मनीतल्या एका पाहणीत (२०१३) शंभरात सुमारे २८ जणांनी उंचीवर कधी ना कधी त्रास झाल्याचं सांगितलं. बायकांचं प्रमाण थोडं जास्त होतं, पण पुरुषांतही चारातला एक होताच. तेव्हा घरच्या पुरुषमंडळींनाही हळूच विचारून पाहा.

त्याला शरीराचंही एक कारण आहे. उभं असताना आपण सतत किंचित डोलत असतो आणि जवळच्या स्थिर वस्तू पाहून डोळे तो तोल सावरतात. कड्यावर समोर जवळ काहीच नसतं, म्हणून तोल गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी खाली बसावं, भिंतीला किंवा झाडाला टेकावं, जवळची एखादी वस्तू पाहावी. पुष्कळ फरक पडतो.

आता सहलीकडे येऊ. आधी स्वतःला विचारायचं की मला भीती रस्त्याची आहे की काठाची? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रँड कॅन्यनची दरी दीड किलोमीटरहून खोल, म्हणजे आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून जेवढं उंच जवळजवळ तेवढी. पण दक्षिण काठाकडे विल्यम्स गावाहून जाणारा रस्ता पठारावरून सरळ जातो. दरी दिसते ती पोचल्यावरच. तिथे काही ठिकाणी कठडे आहेत, काही ठिकाणी नाहीत. मात्र काठावरच यावापाय नावाचं संग्रहालय आहे. त्याच्या मोठमोठ्या खिडक्यांच्या काचांतून अख्खी दरी दिसते. आत उभं राहून मनसोक्त पाहा. काच मधे आली की कितीतरी जणींचे पाय स्थिर होतात.

माँटानातल्या ग्लेशियर पार्कचं उलट आहे. तिथला ‘गोइंग टू द सन’ रस्ता सुमारे ऐंशी किलोमीटरचा, डोंगर कोरून काढलेला. तिथे रस्ताच भीतीचा. अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि चालकाशेजारची जागाही उजवीकडे असते. पश्चिमेकडून चढलात तर दरी नेमकी त्या जागेच्या खिडकीखाली येते. पूर्वेकडून, सेंट मेरीच्या बाजूने आलात तर खिडकीशी डोंगराची भिंत. रस्ता तोच, दिवस तोच, फक्त दिशा बदलली! आपल्या घाटात गाडी डाव्या बाजूने जाते, म्हणून इथला अंदाज तिथे उलटा पडतो. तेवढं लक्षात ठेवा. कोलोरॅडोतला ट्रेल रिज रस्ता तर बारा हजार फुटांवर जातो आणि बऱ्याच ठिकाणी कठडेही नाहीत. तो सरळ वगळावा. तिथली विरळ हवा हा आणखी वेगळा प्रश्न, ब्लडप्रेशर असेल तर डॉक्टरांना विचारण्याचा.

आणि उंचीशिवायही पार्क असतात बरं का. झायनमध्ये आपण दरीच्या तळाशी असतो आणि कडे मान वर करून पाहायचे. सीझनमध्ये तिथे पार्कची बस फिरते, नदीकाठची पक्की पायवाट आहे. साखळ्या धरून चढायचा ‘एंजल्स लँडिंग’ तरुणांना खुशाल जाऊ दे. फक्त ब्राइस कॅन्यनहून झायनला येत असाल तर बोगदा संपल्यावर उतरणीची नागमोडी वळणं लागतात, हे आधी माहीत असू द्या. योसेमिटीचं खोरंही असंच सपाट. यलोस्टोनमध्ये लाकडी फळ्यांच्या वाटेवरून उकळते झरे पाहत हिंडायचं.

सुनेबद्दलही एक शब्द. पुष्कळदा गाडी तीच चालवते आणि भीती तिलाही असते. सासूने स्वतःची भीती मोकळेपणाने सांगितली की सुनेचंही तोंड उघडतं. मग अवघड तुकडा दुसऱ्या कुणी चालवावा, नाहीतर पार्कच्या बसने जावं. झोपेची गोळी घेऊन घाट काढायचा हट्ट मात्र कुणीच करू नये. एकीने काठावरच्या बाकावर, दरीपासून दहा पावलं मागे बसायचं ठरवलं तर तीही सहलच आहे. बाक कुठे आहे तेवढं आधी शोधून ठेवायचं.

येत्या रविवारी लेकाचा फोन आला की चिवड्याआधी हे विचारून घ्या, “अरे, त्या रस्त्यावर दरी कुठल्या हाताला आहे?”